रंगूनची मूर्ती, देहूरोडचा विहार

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल मावळात शिरण्याआधी देहूरोडला थांबते. स्टेशनाचे नाव तुकोबांच्या देहूवरून पडले, वस्ती वाढली ती लष्कराच्या आधाराने. इथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. सत्तावीस वर्षांपूर्वी याच तारखेला महाडला त्यांच्याच सत्याग्रहात मनुस्मृती जळाली होती. देहूरोडच्या बुद्धविहाराची वाटचाल त्या दिवसापासून मोजतात.

त्याच महिन्यात बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. ब्रह्मदेश म्हटला की आपल्याला मंडालेचा टिळकांचा तुरुंग आणि ‘गीतारहस्य’ आठवते, फार तर तिथल्या थिबा राजाचा रत्नागिरीतला पॅलेस. एवढ्यावर ब्रह्मदेशाची ओळख संपवणे हा त्या देशावर अन्यायच. थिबाचे वडील मिंडोन राजे यांनी अवघे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले होते. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबाचे राज्य गेले आणि भिक्खुसंघाचा राजाश्रयही गेला. पुढे तिथल्या राष्ट्रवादाची पहिली पावले १९०६ साली स्थापन झालेल्या बौद्ध तरुणांच्या संघटनेतून पडली. धर्म आणि राजकारण तिथे वेगळे काढताच येत नाही. १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९५४ मध्ये पंतप्रधान ऊ नू यांनी रंगूनला सहावी धम्मसंगीती, म्हणजे भिक्खूंची धर्मपरिषद, भरवली. ती दोन वर्षे चालली. ब्रह्मदेशाच्या या भरातल्या दिवसांत बाबासाहेब तिथे पोचले. भारतातल्या धम्मप्रसाराचा आराखडाही त्यांनी तिथल्या बुद्ध शासन कौन्सिलपुढे ठेवला.

देहूरोडच्या सभेत त्यांनी आपण बुद्धावर ग्रंथ लिहीत असल्याचे सांगितले. पंढरपूरचे देऊळ मुळात बुद्धाचे, हे सिद्ध करीन, असेही बजावले. देहूच्या वेशीजवळ असे बोलायला छाती लागते! नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा पावणेदोन वर्षे अवकाश होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे ज्यांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, ते कुशीनगरचे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या अराकानचेच.

मावळाला बुद्ध नवा नव्हता. भाजे, बेडसे, कार्ले इथल्या लेण्यांत कधीकाळी भिक्खू राहत. पण ती लेणी केव्हाच ओस पडली. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर आज एकवीरा आईच्या भक्तांची रांग असते. देहूरोडला बुद्ध आला तो डोंगरात नव्हे, कष्टकऱ्यांच्या वस्तीत.

१९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता बळकावली, ऊ नू तुरुंगात गेले. त्यामुळे विहाराचे मात्र काही अडले नाही. तो चालला लोकांच्या श्रद्धेवर. आज त्या परिसराला धम्मभूमी म्हणतात आणि दर २५ डिसेंबरला वर्धापनदिनी तिथे मोठी गर्दी लोटते. तेव्हा जाणाऱ्यांनी एक करावे: सोबतच्या मुलांना बाबासाहेबांचे भाषण सांगाच, पण ही मूर्ती कुठून आली आणि त्या देशाचे पुढे काय झाले, तेही सांगा.