हाजी अलीचे उंट आणि कॅन्ससचे मतदान

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या कब्रस्तानात दगडांचा एक लहानसा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट बसवला आहे. ही कबर हाजी अलीची. आपल्याकडे हे नाव ऐकले की वरळीच्या समुद्रातला दर्गा डोळ्यांपुढे येतो, पण हा हाजी अली निराळा. उस्मानी सल्तनतीतून उंटांची देखभाल करण्यासाठी अमेरिकेत आणलेला हा माणूस. सैनिकांना त्याचे नाव नीट उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचे 'हाय जॉली' करून टाकले. १९०२ साली तो तिथेच वारला.

अमेरिकन फौजेला उंट कशाला हवे होते? १८४६ ते १८४८ या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध केले. टेक्सास त्याआधीच, १८४५ मध्ये, गिळून झाले होते. युद्धानंतरच्या तहात कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा आणि आसपासचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलर देऊन ताब्यात आला. टेक्सास धरले तर मेक्सिकोने आपली जवळपास निम्मी भूमी गमावली. या कोरड्या प्रदेशातल्या चौक्यांना रसद पोहोचवायची कशी, हा प्रश्न होता. युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांच्या आग्रहावरून काँग्रेसने १८५५ मध्ये ३०,००० डॉलर मंजूर केले आणि मे १८५६ मध्ये ३४ उंट टेक्साससच्या किनाऱ्यावर उतरले.

हे डेव्हिस मिसिसिपीचे कापूस मळेवाले, गुलामांचे मालक. पाचच वर्षांनी ते बंडखोर दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष झाले. पॅसिफिक महासागराकडे जाणारी रेल्वे दक्षिणेतून जावी म्हणून त्यांनी जोर लावला होता. त्यासाठी सोयीचा म्हणून मेक्सिकोकडून आणखी एक पट्टा एक कोटी डॉलरला विकत घेतला गेला. उंट आणि रेल्वे, दोन्हींचे तोंड एकाच दिशेला होते.

रेल्वे कुठून जाते याने एवढे काय बिघडत होते? रेल्वेमागून वस्ती येते, वस्तीमागून नवे राज्य आणि प्रत्येक नव्या राज्याला सिनेटमध्ये दोन जागा. १८१९ मध्ये गुलामीची ११ आणि गुलामीबंदीची ११ राज्ये होती. काटा बरोबर मध्ये. मिसुरीला प्रवेश देताना तो कलणार होता. १८२० मध्ये तोड निघाली: मिसुरी गुलामीचे राज्य, मेन मुक्त राज्य आणि उरलेल्या लुइझियाना प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामी नाही. नकाशावर एक रेघ ओढली आणि तिशीहून अधिक वर्षे तिने कसेबसे काम भागवले.

पण कापूस थांबायला तयार नव्हता. १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख गुलामांना पूर्वेकडच्या जुन्या राज्यांतून खोल दक्षिणेत आणि पश्चिमेकडे नेले गेले, कित्येकांना साखळदंडात पायी चालवत. पश्चिमेकडे सरकणाऱ्या अमेरिकेचे चित्र काढताना आपण छताच्या बैलगाड्या काढतो, या रांगा काढत नाही. या लोकांत आपले दीनी बांधवही होते. फुटा जालोन या पश्चिम आफ्रिकेतल्या मुलखातला अब्दुर्रहमान हा शिकला-सवरलेला सरदारपुत्र १७८८ मध्ये मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझला विकला गेला. तेव्हा ते गाव स्पेनच्या ताब्यात होते. पुढे तिथे अमेरिकेचा झेंडा आला, कापूस फोफावला आणि हा माणूस तिथेच राबत राहिला. १८२८ मध्ये, ४० वर्षांनी, त्याची सुटका झाली. दुसऱ्या वर्षी तो लायबेरियात पोहोचला आणि तिथेच वारला. घर गाठता आले नाही.

मेक्सिकोने गुलामी १८२९ मध्येच रद्द केली होती. म्हणजे जिंकलेला मुलूख कायद्याने मुक्तच होता. आता 'स्वातंत्र्याच्या' देशात आल्यावर तिथे गुलामी सुरू होणार का, असा उलटा प्रश्न उभा राहिला! युद्ध चालू असतानाच, १८४६ मध्ये, पेन्सिल्व्हेनियाचे डेव्हिड विल्मट यांनी जिंकलेल्या भूमीत गुलामीला मनाई करणारी दुरुस्ती मांडली. प्रतिनिधिगृहात ती मंजूर झाली, सिनेटमध्ये अडली. मतदान पक्षांप्रमाणे न होता उत्तर विरुद्ध दक्षिण असे झाले. माझ्या मते यादवीची पहिली खरी चाहूल इथे आहे. पक्ष दोन्हीकडच्या माणसांना बांधून ठेवतात, तोवर भांडण आवाक्यात राहते.

१८४८ मध्ये सोने सापडल्यावर कॅलिफोर्निया माणसांनी भरून गेले आणि १८५० मध्ये ते मुक्त राज्य म्हणून आत आले. त्याच्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांना उत्तरेतून धरून आणण्याचा कडक कायदा मिळाला.

मग आले इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस. त्यांना रेल्वे शिकागोहून हवी होती. त्यासाठी कॅन्सस-नेब्रास्काच्या मुलखात रीतसर शासन हवे होते आणि त्यासाठी दक्षिणेची मते. त्यांनी किंमत मोजली. १८५४ च्या कायद्याने १८२० ची रेघ पुसली गेली. गुलामी ठेवायची की नाही, हे तिथले लोकच ठरवतील, असे त्यांनी सांगितले. ऐकायला यापेक्षा न्याय्य काय असणार?

पण 'तिथले लोक' कोण? कॅन्ससमध्ये तेव्हा डेलावेअर, शॉनी, किकापू अशा अनेक जमाती राहत होत्या. त्यातल्या कित्येकांना पूर्वेकडून उठवून, ही जमीन कायमची तुमची असे सांगून, तिथे आणले होते. त्यांना कोणी विचारले नाही. ज्यांच्या गुलामीचा प्रश्न होता, त्या गुलामांना विचारण्याचा तर सवालच नव्हता. स्त्रियांनाही मत नव्हते. उरले गोरे पुरुष.

त्यांचे मतदानही पाहा. मार्च १८५५ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. शिरगणतीनुसार मतदार होते २,९०५. मते पडली ६,३०७. शेजारच्या मिसुरीतून हत्यारबंद टोळ्या सीमा ओलांडून आल्या, मते टाकली आणि घरी गेल्या. ही निवडणूक बहुतांशी तशीच मान्य झाली. त्या विधिमंडळाने गुलामीच्या बाजूचे कडक कायदे केले. विरोधकांनी टोपेकात आपले वेगळे सरकार मांडले. एका प्रदेशात दोन सरकारे.

विरोधक म्हणजे सगळे इन्साफचे पुतळे होते, असे मात्र समजू नये. डिसेंबर १८५५ मध्ये त्यांनी आपली राज्यघटना मताला टाकली, तेव्हा मुक्त कृष्णवर्णीयांनाही कॅन्ससमध्ये येऊ देऊ नये, हा वेगळा प्रस्तावही मंजूर झाला. अनेकांना गुलामी नको होती, कारण गुलामांच्या श्रमाशी स्पर्धा नको होती.

मे १८५६ चा तो आठवडा भयंकर गेला. २१ तारखेला गुलामीसमर्थकांनी लॉरेन्स गाव लुटले. २२ तारखेला थेट सिनेटच्या सभागृहात, कॅन्ससवर जळजळीत भाषण केलेल्या चार्ल्स समनर यांना साउथ कॅरोलिनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स यांनी काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. समनर सुमारे तीन वर्षे नीट कामावर येऊ शकले नाहीत, तर ब्रूक्स पुन्हा निवडून आले. २४ तारखेच्या रात्री जॉन ब्राउन आणि त्याच्या साथीदारांनी गुलामीसमर्थक वस्तीतल्या पाच जणांना घराबाहेर काढून ठार केले. ज्या महिन्यात उंट टेक्साससला उतरले, तोच हा महिना.

१८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला: कृष्णवर्णीय अमेरिकेचे नागरिक नाहीत आणि काँग्रेसला कुठल्याच प्रदेशात गुलामी रोखता येणार नाही. म्हणजे १८२० ची रेघ मुळातच बेकायदा होती! आता तडजोडीला जागाच उरली नाही. गुलामी पसरू द्यायची नाही म्हणणाऱ्या नव्या रिपब्लिकन पक्षाचे लिंकन १८६० मध्ये निवडून आले आणि डिसेंबरात साउथ कॅरोलिना फुटून निघाले. २९ जानेवारी १८६१ ला कॅन्सस मुक्त राज्य म्हणून आत आले, तेव्हा विरोध करणारे दक्षिणेचे अनेक सदस्य सभागृह सोडून गेले होते.

युद्ध झाले, १८६५ मध्ये गुलामी संपली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यासाठीच अमेरिकेच्या लोकांना अर्पण केले. उंटांची छावणी बंडखोरांच्या हाती पडली होती. पुढे ते उंट विकले गेले, काही रानात सुटले. रेल्वेचा कायदा दक्षिणेचे सदस्य नसताना १८६२ मध्ये मंजूर झाला आणि मार्ग डेव्हिस यांच्या पट्ट्यातून न जाता मधल्या प्रदेशातून गेला.

डेलावेअर जमातीच्या पुरुषांपैकी अनेक जण या युद्धात लिंकनच्या फौजेतून लढले. १८६७ मध्ये त्यांना कॅन्ससमधली 'कायमची' जमीन सोडून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, चेरोकींच्या जमिनीवर राहायला जावे लागले.