ओखी : सुरतेच्या वाटेवर विरलेलं वादळ

रनाळ्यासारख्या नंदुरबारच्या गावांना सुरत शेजारचीच. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ सुरतेकडे वळेल, पण किनाऱ्याआधीच कमजोर होईल, असं हवामान खात्यानं सांगितलं. झालंही तसंच. उत्तरेकडचं थंड पाणी आणि वरच्या थरातले वेगवान वारे यांनी त्याचा जोर मोडला. ५ डिसेंबरच्या रात्री उरलं फक्त कमी दाबाचं क्षेत्र. आपण सुटलो.

पण या अंदाजाचं कौतुक करताना मला ३० नोव्हेंबर आठवतो. त्या दिवशी केरळ-तमिळनाडूच्या दक्षिणेला ओखीचं चक्रीवादळ झालं, तेव्हा कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. इशारा किनाऱ्यावर पोचला, त्यांच्या होड्यांपर्यंत नाही. अनेकजण परतलेच नाहीत. ६८ बोटींतले ९५२ जण मात्र आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले.