द्राक्षावरील केवडा आणि कीटकनाशकांचा कायदा

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिक, सांगलीच्या द्राक्षबागा फुटतात. नेमक्या त्याच दिवसांत पाऊस झाला, की केवडा अर्थात डाऊनी मिल्ड्यू डोके वर काढतो. फुलोऱ्यातील घडावर तो आला, तर घड वाळून जातात. फवारणी करावी की नाही, हा प्रश्न बागायतदारासमोर नसतोच. कोणती आणि कधी, एवढाच असतो. त्याचे उत्तर मात्र सर्वस्वी त्याच्या हाती नाही.

१९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार बुरशीनाशकांचीही नोंदणी सक्तीची आहे. कोणते औषध कोणत्या पिकावर, कोणत्या रोगासाठी वापरावे, हे केंद्रीय नोंदणी समिती ठरविते. शेतकरी यास ‘लेबल क्लेम’ म्हणतात. पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीसाठी अशा औषधांची यादी प्रसिद्ध करते. काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी, हेही त्यात असते.

या शिस्तीमागे कटू अनुभव आहेत. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिलचे अवशेष सापडले, त्यानंतर अवशेष तपासणीची यंत्रणा उभी राहिली. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकामुळे युरोपात माल अडकला. तपासणीच्या यादीत ते रसायन तोवर नव्हतेच. स्वतंत्र मर्यादा ठरलेली नसल्यास युरोपीय संघ किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढाच अवशेष चालवून घेतो. म्हणजे हजार टन द्राक्षांत दहा ग्रॅम!

खरी अडचण निराळीच आहे. नवी आंतरप्रवाही औषधे बुरशीच्या एकाच जीवनक्रियेवर आघात करतात. ती वारंवार फवारली, की बुरशी त्यांना दाद देत नाही. मॅन्कोझेबसारखे जुने, स्वस्त औषध अनेक ठिकाणी आघात करते, म्हणून ते जोडीला लागते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये त्याची मान्यता पुढे न वाढविण्याचा निर्णय घेतला. भारतात मे २०२० मधील २७ औषधांच्या बंदीच्या मसुद्यात तेही होते. २०२३ च्या अंतिम आदेशात मात्र ते नव्हते. त्या आदेशाने भुरीवरील डिनोकॅप आणि वर उल्लेखिलेले मेथोमिल बाद झाले.

भुरीला गंधक आहे, ट्रायकोडर्मासारखे जैविक उपायही आहेत. केवड्याला मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण चालते. पण ते रोग येण्यापूर्वी फवारावे लागते. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, तर प्रतीक्षा काळ मोडून फवारणी करायची आणि निर्यात सोडायची, की फवारणी टाळून घड गमावायचे, हा निर्णय बागायतदाराला एका रात्रीत घ्यावा लागतो.