दांड्यावरचें मूल

आरमोरीहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या सडकेवर सायकल हाकणारा बाप, पुढें दांड्यावर धाकटें मूल आणि मागें कॅरिअरवर थोरलें, हें दृश्य कोणास नवें नाहीं. हेंच कुटुंब हॉलंडांत फिरावयास गेलें, तर पोलीस त्यास अडवूं शकतो. तेथें ८ वर्षांखालील मुलास पाठ, हात व पाय टेकण्याची सोय असलेल्या आसनाखेरीज सायकलीवर बसवितां येत नाहीं. जर्मनींत तेवढ्या वयाच्या मुलास स्वतःची सायकल मोटारींच्या रस्त्यावर आणतां येत नाहीं. फ्रान्सांत २०१७ पासून १२ वर्षांखालील मुलास शिरस्त्राण सक्तीचें आहे. वाहनें उजव्या हातास चालतात, हें तर निराळेंच.

हॉलंड सायकलींचा देश खरा; पण तोही आयता सुरक्षित झाला नाहीं. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, आणि १९७१ ह्या एकाच वर्षीं तेथील रस्त्यांवर ४०० हून अधिक मुलें दगावलीं. त्यांत सायकलीनें शाळेस निघालेली एक मुलगी होती. तिचा बाप विक लांगेनहॉफ हा वृत्तपत्रकार. त्यानें १९७२ सालीं लेख लिहिला; मथळा होता ‘मुलांची हत्या थांबवा’. आईबाप मुलांसह रस्त्यांत उतरले. पुढल्या वर्षीं तेलटंचाईमुळें रविवारीं मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो तें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्यानंतर मोटारींपासून निराळ्या सायकलवाटा वाढत गेल्या. अशी वाट नसतां नुसतें आसन कितीसें वांचविणार?

गडचिरोलींत मानव विकास कार्यक्रमांतून शाळकरी मुलींस सायकली मिळाल्या. सूरजागडचें लोहखनिज वाहणारे ट्रक आलापल्ली-आष्टीच्या ज्या सडकेनें जातात, तिनेंच ह्या मुलीही शाळेस जातात.