एका इंजिनाचे दोन वारस : तुरिन, कुर्ला आणि फुलसावंगीचा प्रश्न

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ साली आठ मोटारींचे प्रदर्शन भरविले. त्यांत तुरिनची ‘सिसितालिया २०२’ होती. युद्धोत्तर इटालियन क्रीडामोटारींच्या इतिहासात तिचे स्थान अग्रगण्य मानले जाते. परंतु तिचे इंजिन फियात ११०० या सामान्य कौटुंबिक मोटारीच्या १०८९ घन सेंटिमीटर इंजिनावरूनच सिद्ध केलेले होते, ही गोष्ट सौंदर्यचर्चेत मागे पडते. उद्योगपती पिएरो दूसिओ याने फियातचा अभियंता दांते जाकोसा याचे साहाय्य घेतले. पिनिन फारीनाच्या कारागिरांनी ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून तिला आकार दिला. १९४७ च्या ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीत नुवोलारीने सिसितालियाची उघडी गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली. (पुढे ग्रां प्री मोटारीच्या खर्चात दूसिओ स्वतः बुडाला, हेही विसरता येत नाही.)

याच कुळातले इंजिन महाराष्ट्रातही आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियात ११०० तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. तथापि कुर्ल्यातून सिसितालिया निघाली नाही. त्याचे कारण कारागिरांच्या अभावात शोधणे चूक आहे. ट्रकची बॉडी बांधणारे, पत्रा ठोकणारे, वेल्डिंग करणारे हात येथे गावोगाव होते. नव्हती ती त्यांच्याभोवतीची व्यवस्था: हौशी ग्राहक, शर्यती, आणि मोठ्या कारखान्यातील अभियंत्याने छोट्या कारखान्यासाठी आराखडा काढून देण्याची मुभा. परवाना-पद्धतीत गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या ग्राहकापुढे निराळा आकार मांडण्याचे प्रयोजनच उरत नव्हते.

या मताची कसोटी यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे दिसते. तेथील एका तरुण वेल्डरने मारुती ८०० चे इंजिन बसवून एकासनी हेलिकॉप्टर बांधले. सामान्य गाडीचे इंजिन आणि स्वतःच्या हातांनी जुळविलेला सांगाडा, ही रीत दूसिओच्या कारागिरांहून फारशी वेगळी नव्हती. दूसिओपाशी जाकोसा होता. या तरुणापाशी आराखडा तपासणारा कोणी अभियंता नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये गावातच घेतलेल्या चाचणीत पाते तुटून त्याच्या डोक्याला लागले आणि तो मरण पावला.