जुन्नर : डोंगराखालचे नगर (वर्णने व वर्णनकार)

जुन्नर. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण; पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९५ किमी., कुकडी नदीच्या खोऱ्यात. लोकवस्ती पंचवीस हजारांच्या आसपास (२०११). गावाला लागून पश्चिमेस शिवनेरी, त्यापलीकडे तुळजा, दक्षिणेकडे मानमोडी, उत्तरेस नदीपार लेण्याद्री. नाणेघाटाने कोकणातून वर येणारा माल याच खोऱ्यात उतरत असे. गावाविषयी लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण डोंगराविषयी लिहून उठला आहे. पेठा, वेशी, बाजार यांची जुनी वर्णने त्या मानाने तुटपुंजी आहेत. टॉलेमीच्या भूगोलातील ‘ओमेनोगर’ म्हणजे जुन्नर, असे काही अभ्यासक मानतात. ‘तगर’ हेही जुन्नरच, हे भगवानलाल इंद्रजींचे मत मात्र आता मागे पडले असून तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर हे सर्वमान्य आहे.

शिलालेख. जुन्नर परिसरात दोनशेच्या आसपास लेणी असून त्यांतील दानलेख प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत आहेत. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी यांची दखल क्वचितच घेतली. हे लेख कोरडे समजले जातात, पण डोंगर व त्याखालचे नगर यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने पुढे कोणी मांडलेला नाही. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटात एक अर्धवट राहिलेला चैत्य आहे. त्याच्या दर्शनी भागावर कोरलेले लेख म्हणजे खालच्या शिवाराची जणू खातेवहीच. अदुथुम नावाच्या उपासकाने वडालिका गावी वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी व कटपुतक गावी नऊ निवर्तने वडांसाठी लावून दिली, आणि तिची व्यवस्था कोणाचिक श्रेणीकडे सोपवली (लेखातील ‘सक’ हा शब्द त्याचे कुल सांगतो की आणखी काही, याविषयी मतभेद आहेत). अन्य एका लेखात आंब्यांसाठी जमीन आहे. आणखी एकात बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख येतो. सात खोल्यांचे एक लेणे व टाके ही देणगी धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीची आहे. शिवनेरीच्या कड्यात यवन इरिलाने दोन टाकी, यवन चिटाने भोजनमंडप दिला. हे दोघे गतांपैकी असे लेख सांगतात; गत म्हणजे कोण, याविषयी तर्कच अधिक. मानमोडीच्याच भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. लेण्याद्रीचा चैत्य (क्र. ६) कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाने, सुलसदताने, करवला. घाटाखालच्या बंदरातला पैसा घाटावरच्या कातळात मुरत होता, तो असा. लेण्याद्री डोंगराचे जुने नाव ‘कपिचित’ हेही लेखांतूनच कळते. नाणेघाटातील राणी नागनिकेच्या लेखात देवतांना वंदन करून यज्ञांच्या दक्षिणेची यादी दिली आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. लेखाच्या ओळी जागोजागी झिजल्या आहेत.

निकितिन. रशियातील त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितिन बहमनी काळात चौलहून घाट चढून जुन्नरला आला. त्याच्या प्रवासाची वर्षे पूर्वी १४६६–७२ अशी देत. अलीकडे दोन वर्षे पुढे ओढतात. नगर खडकाच्या बेटावर आहे, ते माणसाने रचलेले नसून देवाने घडवलेले आहे, आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघांना जोडीने जाता येत नाही, असे तो लिहितो. हे वर्णन गावाला लागू पडत नाही, शिवनेरीला पडते. गड व गाव यांची त्याने सरमिसळ केली असावी. पावसाळा त्याने येथेच काढला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याचे म्हणणे. मावळच्या पावसाविषयी इतके थोडक्यात आणि इतके खरे क्वचितच कोणी लिहिले असेल. घोड्यांना वाटाणे, तसेच साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी देतात, याचीही त्याने नोंद केली. त्याने विकायला आणलेला घोडा सुभेदार असदखानाने काढून घेतला व धर्म बदलशील तर घोडा आणि वर हजार मोहरा, अशी अट घातली. मुदत चार दिवसांची होती. महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी करून त्याला सोडवले.

इतर. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वातंत्र्य पुकारले ते येथून; पुढे अहमदनगर वसवून राजधानी तिकडे नेली. शिवनेरीवरील शिवजन्माचे काव्यमय वर्णन कवींद्र परमानंदांच्या संस्कृत शिवभारत काव्यात आहे. तेथील तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिथीचा वाद येथे विचारात घेतलेला नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घालून तीन लाख होन व दोनशे घोडे नेले. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर महाराजांच्या हयातीत येथील मोगल अंमलदाराकडे आला होता. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

गिरिजात्मज. लेण्याद्रीचे क्र. ७ चे लेणे. मुळात वीस खोल्यांचा बौद्ध विहार, मध्ये एकही खांब नाही. अष्टविनायकांपैकी डोंगरावरचे हे एकच स्थान. भक्तिपर रचनांत डोंगराचे नाव येते, गावाचे सहसा नाही. पायऱ्या सुमारे तीनशे.

आंबेगाव तालुका. जुन्नरला लागूनचा तालुका; मुख्य ठाणे घोडेगाव. मूळ आंबेगाव डिंभे धरणात बुडाले. ३० जुलै २०१४ रोजी डोंगराचा कडा कोसळून माळीण हे गाव गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे दगावली. या घटनेवरील कविता या नोंदीच्या कक्षेत घेतलेल्या नाहीत.

लोककला. तमाशा : जुन्नर तालुक्यातील नारायणगाव.

हस्तोद्योग. हातकागद. जुन्नरी कागद दप्तरांतून प्रसिद्ध होता.