बोहाडा आणि 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स'

बोहाडा हा पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागातला मुखवट्यांचा उत्सव. त्यात गणपती, रावण अशी देवा-दानवांची सोंगे वाद्यांच्या तालावर नाचवतात. मुखवटे कागदाच्या लगद्याचे, आणि ते घडवण्याचे कसब काही घराण्यांत पिढीजात आहे. छायाचित्रकार गौरी गिल (जन्म १९७०) यांनी २०१५ पासून याच भागातील कोकणा व वारली कलावंतांबरोबर 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही रंगीत छायाचित्रमाला केली. देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे घडवा, अशी त्यांनी विनंती केली. त्यातून माणसांचे चेहरे आले, पशुपक्षी आले, वापरातल्या वस्तूही आल्या. चित्रांत माणसाच्या डोक्यावर असा मुखवटा असतो आणि अंगात नेहमीचीच साडी किंवा सदरा. मागे घर, दुकान, शेत, डोंगरउतार. आदिवासींचे 'नमुने' म्हणून फोटो काढण्याची वासाहतिक रीत इथे मोडते, हे या मालेचे खरे मोल: चेहरा झाकलेला असूनही कसे दिसायचे हे ठरवण्यात कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचा वाटा असतो. ही माला २०१७ च्या 'डॉक्युमेंटा १४' या कलाप्रदर्शनात मांडली गेली.